सरांवर बंदी आली, मुलीच्या सीएचं काय?

प्रश्न : मुलगी सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रशिक्षण, करते. तिच्या सरांवर एका कंपनीच्या ऑडिटवरून एनएफआरएने (ऑडिटरांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) कंपन्यांचं ऑडिट करायला पाच वर्षांची बंदी घातली. त्या कंपनीत मुलगीही ऑडिटला जायची. तिच्या नावाला डाग लागेल का? फर्म सोडायला सांगू का?

उत्तर : आधी ऑर्डर उघडून बघा, ती एनएफआरएच्या साइटवर आहे. कोणत्या आर्थिक वर्षाचं ऑडिट आहे ते पाहा. या ऑर्डरी बऱ्याचदा काही वर्षं उलटल्यावर येतात. तुमची मुलगी तेव्हा बारावीतही असू शकेल!

ती त्या वर्षी असली, तरी कंपनी कायद्याचं कलम 132 आयसीएआयच्या (सीएंची संस्था) सभासदांना आणि फर्मना लागू आहे. आर्टिकल अजून सभासद नसते. एकट्या सीएला किमान 1 लाख रुपये दंड आणि 6 महिने ते 10 वर्षं बंदी होऊ शकते. सरांचं सभासदत्व मात्र या बंदीने जात नाही, तो अधिकार आयसीएआयचा. टॅक्सची कामं त्यांना करता येतील, एनसीएलएटीत (कंपनी प्रकरणांचं अपील न्यायाधिकरण) अपीलही करता येईल. खरा मार पुढे बसतो. कंपनी ऑडिटर फर्मला एका वेळी पाच वर्षांसाठी नेमते. गेलेला क्लायंट दुसरीकडे रुळतो आणि बंदी संपली तरी परतेलच असं नाही. शिवाय नाव गुगलवर टाकलं की ऑर्डर समोर येते.

फर्म सोडायची का, हे शिकायला काय उरलंय त्यावर ठरवा. दुसऱ्या पार्टनरकडे कंपनी ऑडिट चालू असेल तर राहू दे. नुसती रिटर्न भरायचं काम उरलं असेल, तर ट्रान्सफर नियमात बसते का ते आयसीएआयकडे विचारा.

मला काळजी वेगळीच वाटते. ऑडिट रिपोर्टनंतर साधारण 60 दिवसांत ऑडिटच्या कागदांची फाइल बंद व्हायला हवी. एनएफआरएकडून तपासणीचं पत्र आलं की काही फर्ममध्ये धावपळ सुरू होते : "हा कागद राहिलाय, भरून टाक, तारीख मागची घाल." हे सांगितलं जातं ते बहुधा आर्टिकललाच, आणि कागदावरच्या 'प्रिपेअर्ड बाय' (तयार करणारा) या शब्दांखाली तिची आद्याक्षरं पडतात. असं काही तिला करायला लावलं होतं का, एवढं तिला शांतपणे विचारा. पुढे कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणू दे.

मुलाखतीत फर्मचं नाव निघणारच. विचारण्याआधी तिनेच दोन वाक्यांत सांगावं : ऑर्डर कुणावर आहे आणि त्या ऑडिटमध्ये तिच्याकडे काय होतं. स्टॉक मोजणी असेल तर स्टॉक मोजणी म्हणावं.