लाजू देऊ नका, लघवीचं विचारा

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा. कबड्डीच्या सरावाहून आला आणि रात्रभर जुलाब-उलट्या. पाणी प्यायला की उलटतो. दवाखान्यात कधी न्यावं?
– एक आई, अकोला

उत्तर : ताई, तहानेपोटी तो ग्लासभर पाणी एका दमात पितो, म्हणून ते टिकत नाही. उलटीनंतर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्यानं ओआरएस पाजा. मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच कालवायचं. अंदाजानं अर्धं पाकीट ग्लासात नको. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. कोल्ड्रिंक मुळीच नको, त्यातल्या साखरेनं जुलाब वाढतात. मऊ भात, ताक चालेल.

अंगातलं पाणी कमी झालं की लघवी कमी होते, पण या वयाची मुलं लघवीचं सांगत नाहीत. माझी मुलगी ‘झाली केव्हाच’ म्हणाली होती. सकाळपासून झालीच नव्हती. आठ तास लघवी नाही, घोटही टिकत नाही, उभं राहताच भोवळ, शौचात रक्त किंवा खूप ताप, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल, तर मात्र मध्यरात्रीसुद्धा १०८ ला फोन करा.