पहिल्यांदाच ‘ट्रान्सफॉर्मर्स’, म्हणजे गाड्यांचं रूप घेणाऱ्या रोबोंचं कार्टून, बघतोयस ना?
अरे, थेट १९८४च्या मूळ मालिकेला हात घालू नकोस, कंटाळशील. २०१०ची ‘ट्रान्सफॉर्मर्स प्राइम’ लाव. ६५ भाग आहेत, पण पहिले पाच सलग बघ, ती एकच गोष्ट आहे. क्लिफजम्पर नावाचा रोबो सुरुवातीलाच मरतो; कोथरूडच्या आमच्या हॉलमध्ये माझा चहा तसाच गार झाला होता. मिको ही त्यातली मुलगी आधी डोक्यात जाईल. जाऊ दे. बंबलबी हा रोबो नुसता बीप-बीप करतो आणि माणसांमध्ये ते फक्त छोट्या राफला कळतं, तिकडे लक्ष ठेव. आवाज इंग्रजीच ठेव. रोबोंचा म्होरक्या ऑप्टिमस, त्याला १९८४सारखाच पीटर कलनचा आवाज आहे.

आणि खेळणी? पेठेतल्या एका दुकानातून आणलेल्या माझ्या ऑप्टिमसचा ट्रक करताना दुसऱ्याच दिवशी खांदा निखळला. सांधे फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.