शहरातल्या बागेत देशी झाडं लावून प्रदूषण खरंच कमी होतं का? कोणती लावावीत?

होतं, पण प्रदूषण कशाचं ते आधी सांगा. जो तो झाडांची यादी मागतो, माती कुणी तपासत नाही.

आमच्या सोसायटीत जनरेटरमागे एक पट्टा आहे. तिथे वर्षानुवर्षं डिझेल सांडलेलं, भिंतीचा जुना तैलरंग खरवडून तिथेच टाकलेला. मूठभर माती उचलली तरी तेलाचा भपकारा यायचा आणि हाताला रंगाचे पोपडे लागायचे. मी तिथे वाळा लावला. त्याची मुळं 3 मीटरपर्यंत खोल जातात आणि मुळांभोवतीचे जिवाणू डिझेल फस्त करतात. हळूहळू वास गेला. तोवर कमिटीलाही कौतुक!

मग सेक्रेटरीसाहेबांचं फर्मान आलं: वाढलेले ठोंब उपटून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, खत भाजीच्या वाफ्यांना घाला. का, तर सोसायटीतून कचरा बाहेर जाऊ द्यायचा नाही असा ठराव झालाय. मी मातीचा रिपोर्ट टेबलावर ठेवला, जुन्या तैलरंगातून मातीत आलेलं शिसं दाखवलं. डिझेल कुजतं, शिसं कुजत नाही. मुळांनी धरलेलं शिसं कंपोस्टमधून परत मातीत येणार आणि भाजीबरोबर ताटात. यावर उत्तर काय? ‘सगळं नैसर्गिक तर आहे!’ अहो, आर्सेनिकही नैसर्गिकच असतं. ठराव बहुमताने मंजूर. त्या वाफ्यातली कोथिंबीरसुद्धा मी घरात घेत नाही.

आर्सेनिकवरून आठवलं. प्टेरिस व्हिटाटा हे जुन्या भिंतींवर उगवणारं नेचं आर्सेनिक शोषून पानांत साठवतं, हे 2001 मध्ये प्रसिद्ध झालंय. पण तीही पानं कापून वेगळी काढावी लागतात, नाहीतर गळून तिथेच पडणार.

हवेचं म्हणाल तर खरखरीत, लव असलेली पानं धूळ पकडतात, पावसात ती खाली धुऊन जाते. अरुंद रस्त्यावर मात्र वर दाट छत्री झाली की गाड्यांचा धूर खालीच कोंडतो. तिथे कुंपणाची झुडपं बरी.

आणि हो, देशी असण्याचा शिसं शोषण्याशी काही संबंध नाही. देशी झाडं कमी पाण्यात तगतात, फुलपाखरं येतात, म्हणून लावा. वाळ्याच्या पानांत शिसं फारसं चढत नाही, बहुतेक मुळांतच राहतं, हेही खरं. आमच्याकडे मुळंच खड्ड्यात घातली!

तुम्ही आधी माती तपासा. शिसं निघालं तर भाजी उंच वाफ्यात, वेगळ्या मातीत लावा. आणि रिपोर्ट सेक्रेटरीच्या हातात देऊ नका, नोटीस बोर्डावर लावा. फाडला तर परत लावा.