भंगारातून उठलेली लिबरेटर

प्रश्न : वडील गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. 1955 च्या सुमारास ते लोहगावला हवाई दलात होते. फोटोत चार पंख्यांच्या अवाढव्य विमानापुढे आठ-दहा जण ओव्हरऑल घालून उभे आहेत. ‘ही विमानं भंगारातून उठलेली आहेत,’ असं ते सांगायचे. माझी मुलं म्हणतात, आजोबा वाढवून सांगायचे. खरं काय?
– एक वाचक, येरवडा

उत्तर : आजोबांनी काडीचंही वाढवलेलं नाही, हे मुलांना आजच सांगा.

फोटोत शेपटीच्या दोन्ही टोकांना दोन मोठे अंडाकृती उभे पाट दिसतात का बघा. पंख खांद्यापाशी आणि पोट जमिनीलगत असेल, तर ते लिबरेटर बाँबरच. लोहगावच्या सहा नंबर स्क्वाड्रनकडे ती होती. मी 1963 साली इंजिन फिटर म्हणून भरती झालो आणि तिथंच या विमानांवर हात काळे केले.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर कानपूरला आणून उभी केली होती. विमानं अमेरिकेची, लेंड-लीज म्हणजे युद्धापुरत्या उसनवारीच्या करारावर घेतलेली. लढाई सरल्यावर एकतर परत करायची, नाहीतर निकामी करायची, अशी अट. मग काय केलं? इंजिनांत वाळू ओतली, उपकरणं फोडली, सांगाडे ठेचले. चालती यंत्रं माणसांनी हातानं मोडली, हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे जड बाँबर नव्हते. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टनं हे काम अंगावर घेतलं. एकाचं इंजिन, दुसऱ्याची शेपटी असं जुळवत एकेक विमान कानपूरहून बंगळुरूपर्यंत जाण्यापुरतं उभं करायचं. ती तिथवर उडवत नेली जमशेद मुन्शी या वैमानिकानं. जे विमान आपण होऊन कोणी ढकलायलाही धजणार नाही, ते या माणसानं आकाशात नेलं, आणि तेही पुन्हापुन्हा. बंगळुरूत पुरी दुरुस्ती होऊन 40 च्या वर विमानं हवाई दलाला मिळाली. 2 नोव्हेंबर 1948 ला पाच नंबर स्क्वाड्रन त्यांच्यावरच उभं राहिलं.

तेव्हा मोडलेलं सांधलं ते प्रामुख्यानं बंगळुरूच्या कारागिरांनी. पण सांधलेलं पुढं वीस वर्षं उडतं ठेवलं ते तुमच्या वडिलांसारख्या एअरमननी, आणि ते काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लिबरेटरच्या प्रत्येक इंजिनात 14 सिलिंडर, गोलाकार बसवलेले. रात्रभरात तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठतं. तसंच सुरू केलं तर पिस्टनचा दांडा वाकतो. म्हणून पहाटे आम्ही एकामागून एक पंख्याचं पातं धरून फिरवायचो, चारही इंजिनांचे पंखे. कुठं अडलं तर जोर लावायचा नाही, खालचा प्लग काढून तेल वाहू द्यायचं. पहिल्या दिवशी मी जोर लावला होता. आमचे सार्जंट धावत आले, माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, “बाळा, ते अडतंय म्हणजे काहीतरी सांगतंय.” त्यानंतर कुठल्याच यंत्रावर मी जबरदस्ती केली नाही.

31 डिसेंबर 1968 ला ती सेवेतून गेली. पण जगात आज जी मोजकी लिबरेटर उरली आहेत, त्यांतली बरीच आपल्याकडूनच गेलेली. एक तर 1974 साली आपण ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला दिलं. ज्यांनी मोडली, त्यांच्याच घरी आपण धड विमान पाठवलं! मुलांना दिल्लीला नेलंत तर पालमच्या संग्रहालयातलं दाखवा.

आणि फोटो फ्रेममधून काढून मागं बघा. आम्ही तिथं पेन्सिलीनं नावं लिहायचो. पुसट असली तर खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरा, वाचता येतील. नावं मिळाली तर मला जरूर कळवा. त्यांतला एखादा पुढं माझा सार्जंट झालेला असू शकेल.