बहुतेक जिवाणूंत हिस्टोन (आपल्या पेशींत डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) नसतात, मग डीएनएची घडी कोण घालतं?

ई. कोलाय या जिवाणूचा डीएनए सरळ केला तर साधारण १.५ मिलिमीटर भरतो आणि पेशी जेमतेम २ मायक्रोमीटर लांब. सुरुवात पिळापासून होते. गायरेज हे विकर एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून डीएनएला उलटा पीळ देतं. आयएचएफ हे प्रथिन डीएनएच्या अक्षरांचा ठरावीक क्रम ओळखून तिथे डीएनए १६० अंशांहून जास्त वाकवतं, म्हणजे जवळजवळ यू-टर्नच. एचयू हे प्रथिनही डीएनए वाकवतं, मात्र क्रम फारसा बघत नाही. एच-एनएस हे प्रथिन ए आणि टी ही अक्षरं जास्त असलेले भाग एकमेकांना जोडतं आणि तिथली जनुकं गप्प करतं. ते काढलं की बाहेरून आलेली जनुकं मोकाट सुटतात, वाढ मंदावते. मोठी वेटोळी मुकबीईएफ हे प्रथिनसंकुल घालतं. ते नसेल तर समृद्ध माध्यमात ३७ अंशांना वसाहतीच येत नाहीत आणि कमी तापमानालाही काही पेशी डीएनएविना निपजतात. उपासमारीत डीपीएस हे प्रथिन सगळंच घट्ट आवळतं.