हाउसिंग बोर्डाच्या घराचे हप्ते संपले म्हणजे घर आपले झाले का?

(गुजरात हाउसिंग बोर्डाचं वडोदऱ्यातल्या गोरव्यातले घर, वडिलांच्या नावावर, भाडे-खरेदीने, म्हणजे हप्त्याहप्त्याने घेतलेलं. वडील हयात नाहीत.)

नाही. भाडे-खरेदीत शेवटचा हप्ता भरला तरी बोर्ड नोंदणीकृत दस्तावेज करून देईपर्यंत मालकी बोर्डाचीच. वेरा बिल (घरपट्टी) तुमच्या नावाने येतं, हा मालकीचा पुरावा नव्हे.

आधी बोर्डाकडून खात्याचा उतारा काढा आणि घरच्या पावत्या एकेक करून ताडून पाहा. उशिरा भरलेल्या हप्त्यांचं व्याज बरेचदा तिथेच लपलेलं असतं. ते फेडलं की ना-देणे दाखला मागा. मग पेढीनामा (वारसांची वंशावळ) आणि वारसनोंद. लग्न झालेल्या बहिणीही वारस आहेत; त्यांना वगळून केलेला अर्ज हमखास परत येतो.

आपल्या मराठी घरांत खरा घोळ नावाचा. बोर्डाच्या वाटपपत्रात (घर दिल्याच्या पत्रात) गुजरातीत ‘दत्तात्रेयभाई’, आधारवर ‘दत्तात्रय’, आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ तिसराच. ही सगळी नावं एकाच माणसाची, असं सोगंदनामं (प्रतिज्ञापत्र) आधीच करून ठेवा.

दस्तावेजावर गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, नोंदणी फी १ टक्का; दस्तावेज फक्त बाईच्या नावाने असेल तर ही फी माफ. सह्या झाल्यावर ४ महिन्यांच्या आत नोंदणीला सादर करा, नंतर दंड.

आणि घर वडिलांनी मूळ लाभार्थ्याकडून नुसत्या पॉवर ऑफ अॅटर्नीवर (मुखत्यारपत्रावर) घेतलेलं असेल, तर प्रकरण वेगळं. त्याने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. तेव्हा आधी वकील गाठा.