लिनक्स कर्नल अपग्रेडनंतर हार्ड डिस्क मंद: जुनी 'सीएफक्यू' सेटिंग चालत नाही, काय करू?

राजारामपुरीतल्या दुकानाच्या बिलिंग मशीनवर लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) ४.१५ वरून ५.४ केल्यावर बॅकअप चालू असताना बिल उघडायला वेळ लागतोय, असं तुम्ही लिहिलंय. डिस्क बदलायची घाई अजिबात करू नका.

मार्च २०१९ मध्ये आलेल्या कर्नल ५.० मधून सीएफक्यू, डेडलाइन आणि नूप हे जुने शेड्यूलर (डिस्कवर कुणाचं काम आधी करायचं ते ठरवणारे कर्नलचे भाग) काढून टाकले. त्यामुळे यूडेव्हच्या (डिस्कसारखी उपकरणं ओळखून त्यांना सेटिंग लावणारा प्रोग्राम) नियमात सीएफक्यू लिहिलेलं असेल तर ते लागूच होत नाही. ग्रबमधली (मशीन सुरू होताना कर्नल लोड करणारा प्रोग्राम) शेड्यूलर निवडणारी 'एलिव्हेटर' ओळही आता निरुपयोगी, काढून टाका.

आधी 'सिस'खालच्या 'ब्लॉक' फोल्डरमध्ये आपल्या डिस्कच्या 'क्यू'मधली 'शेड्यूलर' फाईल वाचा. चौकोनी कंसातलं नाव म्हणजे सध्याचा शेड्यूलर. फिरत्या डिस्कवर बॅकअप आणि बिलिंग एकत्र चालत असेल तर माझं मत बीएफक्यू या नव्या शेड्यूलरलाच; तो डिस्कचा वेळ प्रोग्राममध्ये वाटून देतो. यादीत तो दिसत नसेल तर मॉडप्रोब या कमांडने बीएफक्यू मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) लोड करा. मग त्याच 'शेड्यूलर' फाईलमध्ये रूट (अ‍ॅडमिन) म्हणून 'बीएफक्यू' लिहा, बॅकअप सुरू करून बिल उघडून पाहा. फरक पडला तरच यूडेव्हच्या नियमात नाव बदला. नियम 'रोटेशनल = १' (म्हणजे फिरती डिस्क) या अटीवर बांधा; डिस्कचं एसडीए-एसडीबी हे नाव रीबूटनंतर बदलू शकतं.

एचडीपार्म या डिस्क-सेटिंगच्या कमांडने राइट कॅश (लिहायचा डेटा आधी डिस्कच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवणं) चालू केली असेल तर यूपीएस हवाच. लाईट गेली की कॅशमधल्या नोंदी जातात.